बसच्या अंगावर पसरट तिरका फॉन्ट: कुठं शोभतो, कुठं फसतो?

तिस्कवाला
मंडळी, फोंडा-पणजी रूटवरच्या एका खाजगी बसचं काम आलंय. नाव 'शांतादुर्गा', खिडक्यांखालच्या लांब पट्ट्यात रोमनमध्ये (म्हणजे इंग्रजी अक्षरांत) आणि समोर कपाळावर देवनागरीत. मालकाची फर्माईश एकच, "तो स्पीडवाला फॉन्ट घाल", म्हणजे आडवा पसरलेला, तिरका, सॅन्स-सेरिफ (टोकांना शेपट्या नसलेला), गाड्यांच्या बॅजवर असतो तसला. रोमनमध्ये मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू, पण आजकाल जिम, केक शॉप, नरकासुराचे टी-शर्ट, ट्यूशन क्लास, सगळीकडे तोच दिसतो आणि निम्म्या ठिकाणी तो कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ओढून-वाकवून केलेला असतो हे लांबूनच कळतं. तर असा फॉन्ट नीट काढलेला कसा ओळखायचा, कुठं वापरायचा, कुठं अजिबात नाही, आणि देवनागरीचं काय करायचं? जाणकारांनी लिहा. फ्लेक्सवाल्यांनीही लिहा, हात तर तुमचेच काळे होतात.

रेघोट्या
आवडीचा विषय काढलास. आधी थोडी कुळकथा सांगते, कारण हा 'स्पीड'चा वास अक्षरांना लागला कुठून ते कळलं की वापर कुठं करायचा तेही कळतं.

तिरकं अक्षर मुळात वेगासाठी नव्हतंच. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ च्या सुमारास छोट्या आकाराच्या पुस्तकांसाठी इटॅलिक वापरलं, छपाईचे खिळे कोरले फ्रान्चेस्को ग्रिफोने, आणि ते हाताच्या भरभर लिखाणावरून उचललेलं होतं. गंमत म्हणजे तेव्हा कॅपिटल अक्षरं सरळच उभी असायची. सॅन्समध्ये ही हस्ताक्षराची गोष्ट बरीचशी गळून पडली, तिथं बहुतेक वेळा उभं अक्षरच कलतं केलेलं असतं, त्याला ऑब्लिक म्हणतात.

पसरटपणाची गोष्ट वेगळी. इटलीतल्या तोरिनोच्या नेबिओलो फाउंड्रीने (फाउंड्री म्हणजे अक्षरं बनवणारी कंपनी) १९५२ ला मायक्रोग्रामा काढला, आलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोवारेसे यांचा, त्यात फक्त कॅपिटल होती. मग १९६२ ला नोवारेसेने त्याला लहान अक्षरं जोडून युरोस्टाइल केला. त्यातला 'ओ' बघ, गोलही नाही चौकोनीही नाही, जुन्या टीव्हीच्या काचेसारखा. त्यातला एक्स्टेंडेड, म्हणजे पसरट, प्रकार पुढे अंतराळ, कॉम्प्युटर, मशिनरी, गाड्यांचे डॅशबोर्ड असल्या सगळ्यावर जाऊन बसला. म्हणजे पसरटपणाने 'मशीन' आणलं आणि तिरकेपणाने 'धाव' आणली, दोन्ही एकत्र आले की गाडीचा बॅज तयार. तुझ्या मालकाचं डोकं चुकीचं नाहीये.

आणि एक फ्रेंच नमुना विसरू नकोस, रोजे एक्सकोफोंचा अँतीक ऑलिव्ह नॉर्ड. जाडजूड, पसरट, त्याचं इटॅलिकही आहे, आणि त्यात यंत्राचा कोरडेपणा अजिबात नाही, अक्षरं मांसल वाटतात. मला स्वतःला युरोस्टाइलपेक्षा हाच जास्त आवडतो.

कोरलकाका
इतिहास बरा आहे पण धंद्याचं बोला. मी गेली कितीतरी वर्षं साधा बोल्ड फॉन्ट घेऊन १२५ टक्के आडवा ओढतो, १२ डिग्री स्क्यू मारतो, म्हणजे ढकलून तिरका करतो, आउटलाइन घालतो, गिऱ्हाईक खूष होऊन जातं. एकानेही परत आणून 'ओ'चा कोपरा दाखवला नाही. बसवर चिखल उडणार, पावसात रंग जाणार, वर्षभराने मालक नाव बदलणार. कुणाला पडलीय?

रेघोट्या
काका, गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण 'काहीतरी स्वस्त दिसतंय' एवढं त्याला कळतं, आणि मग ते दुसऱ्या दुकानात जातं. तुमच्याच आकड्यांनी हिशोब करू.

उभा दांडा ८० युनिट आणि आडवा ७० युनिट आहे समजा (युनिट म्हणजे फॉन्टमधलं मोजमाप). १२५ टक्के ओढलं की उभा १०० होतो, आडवा ७० चा ७० च राहतो. म्हणजे नुसतं अक्षर रुंद झालं नाही, उभ्या दांड्यांनाही सूज आली. खरा एक्स्टेंडेड फॉन्ट काढणारा रुंदी वाढवतो ती आतल्या पोकळीत, दांडा जवळपास तेवढाच ठेवतो. पसरट फॉन्टची सगळी शान त्या पोकळीत आहे.

आता स्क्यू. वर्तुळाकार 'ओ' उजवीकडे कलता केला की तो वर-उजवीकडे आणि खाली-डावीकडे ताणला जातो, तिथं रेघ जाड होते, आणि वर-डावीकडे, खाली-उजवीकडे दबून बारीक होते. अक्षर कलतं दिसायच्या ऐवजी पिळल्यासारखं दिसतं. चांगला डिझायनर कलतं केल्यावर प्रत्येक गोलाई हाताने दुरुस्त करतो. म्हणून फॉन्ट पारखायचा असेल तर 'ओ', 'एस' आणि 'सी' आधी मोठे करून बघायचे.

आणि 'ए' बघा, 'शांतादुर्गा'च्या रोमन स्पेलिंगात तो चक्क तीनदा येतो. ७०० युनिट उंचीच्या अक्षराचा माथा १२ अंशांना साधारण १४९ युनिट पुढे सरकतो. ९०० रुंदीच्या 'ए'ला दोन्ही बाजूंना ४५० चा उतार असतो, स्क्यू मारला की डावा पाय ५९९ चा लोळण घेतो आणि उजवा ३०१ वर येऊन बराच ताठ होतो. तो पडायला आलाय असं वाटतं. नीट काढलेल्या फॉन्टमध्ये 'ए'चं टोक थोडं मागे खेचलेलं असतं, डोळ्याला पटेल इतकंच.

कोरलकाका
३०१, ५९९. बरं बाई. मग फुकट आणि नीट काढलेला कुठला, ते सांग. परदेशी फाउंड्रीचं लायसन्स घ्यायला माझा बसवाला तयार होणार नाही.

पेडण्याची पोर
काका, आर्किव्हो बघा. ओम्निबस-टाइप या अर्जेंटिनाच्या फाउंड्रीचा आहे, गुगल फॉन्ट्सवर मिळतो, व्हेरिएबल आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये रुंदी-जाडी हवी तशी बदलता येते, रुंदी (साधी १०० धरून) ६२ पासून १२५ पर्यंत आणि वेगळं इटॅलिकही आहे. त्याहून पसरट पाहिजे तर रोबोटो फ्लेक्स, रुंदी १५१ पर्यंत जाते आणि कल १० अंशांपर्यंत. त्यात कलाचा आकडा उणे लिहायचा असतो हां, उणे १० म्हणजे पुढे झुकलेलं. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, धंद्यासाठी बिनधास्त वापरा, फक्त फॉन्टची फाइल एकटीच विकायला काढू नका.

तिस्कवाला
आर्किव्हो उतरवला, 'ओ' खरंच वेगळा दिसतोय. पण रुंदीचा हिशोब भलताच येतोय. रोमन स्पेलिंग ११ अक्षरांचं. कॅपिटल २० सेंमी उंच आणि सरासरी रुंदी उंचीच्या सव्वापट धरली तर पावणेतीन मीटर, शिवाय मधली जागा. बसवर बसतंय आरामात, पण हेच नाव उद्या मालकाच्या पिकअपवर घालायचं झालं तर?

रेघोट्या
तेच तर त्याचं मुख्य काम आहे ना, लांबट आणि बुटकी जागा. बसच्या खिडकीखालचा पट्टा, दुकानाच्या शटरवरची पट्टी, फेरीबोटीचा कठडा, पेट्रोल पंपाच्या छताची कडा. अशा ठिकाणी नेहमीच्या रुंदीचं अक्षर मध्येच चिकटून बसतं आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा ओरडत राहते, पसरट अक्षर उंची न वाढवता ती भरून टाकतं. शब्द मात्र छोटे पाहिजेत, एक किंवा दोन. वाक्य घातलंस की मेलं. पिकअपवर नाव छोटं कर किंवा नुसती आद्याक्षरं घाल, पण दाबून बसवू नकोस, पसरट फॉन्ट दाबला की तो कुठलाच राहत नाही.

बसला आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रस्त्याकडेला उभा माणूस बसची बाजू समोरून बघतच नाही, तिरपी बघतो, बस येताना किंवा जाताना. तिरपं बघितलं की रुंदी आकसते, उंची तेवढीच राहते. बारीक अक्षराची तिथं काड्यांची जुडी होते, पसरट अक्षर आकसून साध्या रुंदीला येतं आणि वाचता येतं. रात्री मागून एलईडी लावला तरी तसंच, उजेड पोकळीत पसरतो, पोकळी मोठी असेल तर अक्षर बुजत नाही.

बेतुलची होडी
सगळं बरोबर, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही. आमच्याकडे ट्रॉलरवर नाव दोन्ही बाजूंना घालतात. अक्षर कलतं उजवीकडे. आता ट्रॉलरच्या डाव्या बाजूला उभं राहून बघा, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, तुमच्या डाव्या हाताला येते. म्हणजे बोट डावीकडे चालली आणि अक्षरं उजवीकडे, मागे कलंडलेली! उजव्या बाजूला सगळं छान, अक्षर पुढे झेपावतंय. डाव्या बाजूला बोट चालतेय आणि नाव जेटीवर परत जायला बघतंय. बसलाही हेच लागू होणार, आणि तुझा दरवाजा डावीकडेच, म्हणजे पॅसेंजरला दिसणार तो मागे कललेलाच.

तिस्कवाला
अरे देवा, हे डोक्यातच नव्हतं. आता? डाव्या बाजूला उलटं कलतं करू, डावीकडे झुकलेलं?

कोरलकाका
कर ना, स्क्यूचा आकडा उलटा घाल, काम झालं. 😀

रेघोट्या
नाही हो काका. डावीकडे झुकलेलं अक्षर, त्याला बॅकस्लँट म्हणतात, वाचायला अडखळतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, डोळा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. चित्र म्हणून बस पुढे पळताना दिसेल, शब्द म्हणून ब्रेक मारल्यासारखा. शिवाय बॅकस्लँट प्रकार नीट काढलेला फॉन्ट मिळणं कठीण, म्हणजे परत स्क्यू, परत पिळलेला 'ओ'.

बेतुलची होडी
मी असहमत. दोन्ही बाजूंना पुढे झुकलेलं नाव मी धक्क्यावर बघितलंय, वाचायला काही त्रास नाही, नाव दोनच शब्दांचं असतं, लोकांना ते पाठच असतं. वाचणं दुय्यम आहे, ओळखणं महत्त्वाचं. बसचंही तेच, लोक नाव वाचत नाहीत, रंग आणि आकार बघून हात करतात.

अक्षरपाखरू
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण तिसरी वाट आहे. कल अक्षराला द्यायचाच कशाला? अक्षर पसरट आणि उभं ठेवा, धाव पट्ट्यांना द्या. नावाच्या मागे दोन-तीन तिरक्या पट्ट्या, किंवा पट्ट्याचं टोक तिरकं कापलेलं. पट्टी आरशासारखी उलटवता येते, अक्षर उलटवता येत नाही. डावीकडे पट्ट्या डावीकडे झेपावतील, उजवीकडे उजवीकडे, आणि नाव दोन्ही बाजूंना सारखं. तिरका फॉन्ट राखून ठेवा जिथं एकच बाजू दिसते तिथं, म्हणजे मागचं बंपर, तिकिटाचं बुक, कंडक्टरचा टी-शर्ट, इन्स्टाची पोस्ट.

रेघोट्या
हे मला पटलं, पूर्ण पटलं. आणि यात मालकाचा 'स्पीड' पण शाबूत राहतो.

बेतुलची होडी
बसला चालेल. ट्रॉलरला नाळेकडे बाक असतो, तिथं पट्ट्या वाकड्याच दिसतात. मी माझ्या मतावर ठाम.

तिस्कवाला
ठीक आहे, बाजूंचं ठरत आलं. आता कपाळावरची देवनागरी. मालक म्हणतो तीही तिरकी पाहिजे, "मॅचिंग".

अक्षरपाखरू
हे माझं दुखणं, त्यामुळे लांबण लागेल, सहन करा.

छापखाना या देशात पहिल्यांदा उतरला तो आपल्या गोव्यात, १५५६ ला, पण तो आला रोमन अक्षरं घेऊन. देवनागरीचे खिळे पुढे कितीतरी उशिरा पाडले गेले आणि त्या खिळ्यांना इटॅलिकची परंपराच नाही. मराठीत जोर द्यायचा तर आपण ठळक करतो, अवतरणात घालतो, आकार मोठा करतो. तिरकं करायची सवय कॉम्प्युटरने लावली, टूलबारवर बटण आहे म्हणून. फॉन्टमध्ये इटॅलिक नसेल तर बरीचशी सॉफ्टवेअर स्वतःच अक्षर ढकलून खोटं इटॅलिक बनवतात, आणि आपल्याला वाटतं की हाच फॉन्टचा प्रकार.

आता 'शांतादुर्गा' ढकलून बघा. शिरोरेषा आडवीच राहते, ती कलत नाही. खालचे दांडे मात्र सगळे झुकतात. डोक्यावरून एक ताठ सळई आणि खाली वाऱ्यात पडलेलं भात, असं ते दिसतं. 'दु'चा उकार खाली असल्यामुळे डावीकडे मागे सरकतो, 'र्गा'चा रफार वर असल्यामुळे उजवीकडे पुढे जातो, 'शां'चा अनुस्वारही तसाच. रोमन कॅपिटलला ७०० युनिट उंचीवरचाच कल सांभाळायचा असतो, देवनागरीत रफारापासून उकारापर्यंत उंची सहज १२०० च्या घरात जाते, १२ अंशांना वर-खाली मिळून अडीचशेच्या वर युनिटांची सरक होते. म्हणून रोमनला जो कोन शोभतो तो देवनागरीला झेपत नाही. अगदीच करायचं असेल तर सहा-सात अंशांवर थांबा, आणि उकार, रफार, वेलांट्या एकेक हाताने जागेवर आणा.

पण पसरट देवनागरी ही गोष्ट वेगळी, ती छान जमते. मुंबईच्या एक टाइपचा 'अनेक' बघा. देवनागरी, रोमन आणि बाकी भारतीय लिप्या धरून हे कुटुंब आहे, रुंदी ७५ ते १२५, आणि ही रुंदी ओढलेली नाही, काढलेली आहे. १२५ वर नेऊन 'शांतादुर्गा' लिहा. शिरोरेषा लांब पसरते, 'दु' आणि 'र्गा'च्या मध्ये श्वास घ्यायला जागा राहते, बसचं कपाळ भरून निघतं. देवनागरीत शिरोरेषाच धाव देते हो, तिला वेगळा कल लागत नाही. रेषेचं उजवं टोक तिरकं कापलंत तरी मालक म्हणेल वा.

एकच अडचण, अनेकला इटॅलिक नाही. माझ्या लेखी तो गुण आहे.

तिस्कवाला
आणि बाजूचं रोमन आर्किव्हो, कपाळाची देवनागरी अनेक, असं चालेल?

अक्षरपाखरू
चालेल, पण मग रोमनही अनेकचंच का घेत नाहीस? एकाच घरातली दोन्ही, जाडी आपोआप जुळते. अक्षरं उभीच ठेवायची ठरली तर आर्किव्होच्या इटॅलिकचं काम राहतच नाही.

पेडण्याची पोर
कोरलमध्ये करणार असाल तर जुनं व्हर्जन युनिकोडची जोडाक्षरं तोडतं, 'र्गा'चा 'र् गा' होऊन बसतो. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून, आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) मग आणा. आणि मालकाची वेबसाइट-बिबसाइट कधी केलीत तर सीएसएसमध्ये (वेबपानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-सिंथेसिस नन ठेवा, म्हणजे ब्राउझर मराठीला स्वतःहून वाकडं करणार नाही.

जाता जाता माझा पण प्रश्न. आमच्या वाड्याची फुटबॉल टूर्नामेंट आहे, जर्सीच्या पाठीवर नाव आणि नंबर, पोरांना हाच पसरट तिरका पाहिजे. आडनावं म्हणजे मांद्रेकर, फर्नांडिस, पार्सेकर.

रेघोट्या
जर्सी म्हणजे पाठीवरची अरुंद जागा, तिथं पसरट फॉन्टला काम नाही. फर्नांडिसचं रोमन स्पेलिंग एका काखेतून दुसऱ्या काखेत जाईल. नाव साध्या रुंदीत किंवा किंचित अरुंद, तिरकं चालेल, कारण पाठ एकच असते, डाव्या-उजव्याची भानगड नाही. नंबरही अरुंदच, नाहीतर २८ नंबरवाला २ आणि ८ बरगड्यांवर घेऊन पळेल. पसरट तिरका घाल छातीवर, क्लबच्या चार-पाच अक्षरांच्या नावाला, आणि मैदानाच्या कडेच्या बॅनरला. तो बॅनर लांबट असतो आणि लोक तिरपा बघतात, दोन्ही कारणं तिथं लागू.

कोरलकाका
एक धंद्याची गोष्ट मीही सांगतो, तुम्ही सगळे स्क्रीनवरचे. व्हिनाइल कापताना तिरक्या अक्षराला अणकुचीदार कोपरे येतात, ते पहिल्या पावसातच उचलतात, तिथून पाणी आत शिरतं. कोपऱ्यांना हलकी गोलाई द्यायची, लांबून दिसत नाही आणि टिकतं. पसरट अक्षराची पोकळी मोठी असल्यामुळे वीडिंग, म्हणजे नको असलेलं व्हिनाइल सोलून काढणं, मात्र सोपं जातं, पोरगं भराभर सोलतं, एवढं मान्य. आणि नंबरप्लेटवर कुणी हा प्रकार घालायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, प्लेटवर फॅन्सी अक्षर नियमात बसत नाही, चलान गिऱ्हाइकाला आणि शिव्या आपल्याला.

बेतुलची होडी
ट्रॉलरच्या रजिस्ट्रेशन नंबरालाही तेच. तो लांबून, लाटांवर हलताना वाचला गेला पाहिजे, तिथं साधं, उभं, जाड अक्षर.

तिस्कवाला
ठरलं मग. बाजूंना अनेक १२५, उभा, मागे तिरक्या पट्ट्या दोन्हीकडे आरशासारख्या. कपाळावर अनेक देवनागरी, शिरोरेषेचं टोक कापलेलं. मागच्या काचेवर मात्र तिरका आर्किव्हो, तेवढं मालकाचं मन राखायला. तिथं ती भोकाभोकाची वन-वे व्हिजन शीट लावायचीय, त्यावर कुठलं वजन, म्हणजे अक्षराची जाडी, घेऊ?

कोरलकाका
बोल्डच्या खाली जाऊ नकोस. भोकं रेघ खातात, मीडियम घेतलंस तर आडव्या रेघा तुटक दिसतील. आणि गडद शीटवर पिवळं किंवा पांढरं अक्षर घे, लाल रात्री दिसत नाही. अक्षरांमधली जागा स्क्रीनवर दिसते त्यापेक्षा जरा जास्त सोड, विशेषतः 'एन' आणि 'टी'च्या मध्ये. 'टी'नंतरच्या 'ए'ला मात्र जवळ ओढ, तिथं आधीच खड्डा असतो.